ओटा सोडून

सायकली अकरा, स्कूटर तीन, एम-एटी एक, लुना दोन, केळीची लोटगाडी एक, आणि चाक काढून विटांवर उभी केलेली एक रिक्षा, जी गेले दोन महिने तारीख कुठलीही असो, जागची हललेली नव्हती. चौदा तारखेला सकाळी साडेसात वाजता आमच्या ओट्यावरून मोजलेली ही वाहनं. चौदा म्हणजे सम, म्हणून सगळी समोरच्या बाजूला. विषम तारखेला ती आमच्या बाजूला यायची. गल्लीत अजून लोकांना याची सवय झाली नव्हती आणि एकतीस दिवसांचा महिना संपला की एक तारखेला नेहमी घोटाळा व्हायचा, कारण एकतीसनंतर पुन्हा विषमच येते. रिक्षा आणि शेवटची स्कूटर यांच्यामध्ये एक जागा रिकामी होती. तिथे गाडी नव्हती, सडा होता. धुरपदाबाई वाकून, डाव्या हातात बादली आणि उजव्या हातात शेणकाल्याचं पाणी घेऊन, भिंतीपासून रस्त्याकडे सडा टाकत येत होत्या आणि एका ठिकाणी थांबत होत्या. तिथे रेघ नव्हती, दगड नव्हता, काहीच नव्हतं. तरी त्यांचा हात तिथेच थांबायचा. ओल्या आणि कोरड्या डांबराची कड इतकी सरळ होती की मी कप खाली ठेवला. ती कड भिंतीपासून एक फूट अकरा इंचांवर होती. मोजायची गरज नव्हती, हा आकडा मला पाठ होता. चार महिन्यांपूर्वी तिथे त्यांचा ओटा होता, आणि त्या रोज सकाळी नसलेल्या ओट्यावर सडा टाकत होत्या.

कोणीतरी अनोळखी माणूस स्कूटर घेऊन आला, जागा पाहिली, सडा पाहिला आणि एक पाय टेकवून उभा राहिला. "काय मावशी, रस्ता पालिकेचा की तुमचा?" धुरपदाबाईंनी कंबर सरळ केली. "रस्ता पालिकाना. शेण मनं शे. लाव ना भाऊ, मी कोठे नही म्हनस?" केळीवाला हसला. तो माणूस ओशाळला, स्कूटर ढकलत रिक्षेच्या पुढे गेला आणि तिथे वाकडी लावली. धुरपदाबाईंनी बादली उपडी केली, मग समोर माझ्याकडे पाहून ओरडल्या, "लीलाधर, चहा पिना का रे?" मी मान हलवली. कप हातात नव्हता, तरी हात कप धरल्यासारखा वर आला. त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात काहीही नव्हतं, आणि मी चार महिने तिथे काहीतरी शोधत होतो.

पंधरवड्यापूर्वी माझं पालिकेतलं काम संपलं. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात देवपूरच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो होतो आणि काय करायचं ते ठरत नव्हतं, तेव्हा पालिकेने जुन्या गल्ल्यांच्या मोजणीला रोजंदारीवर चार मुलं घेतली. त्यांत मी एक. गल्ल्यांमध्ये सम-विषम पार्किंग आणायचं होतं आणि त्याआधी प्रत्येक गल्लीत मधल्या रेघेपासून दोन्हीकडे नऊ-नऊ फूट मोकळा रस्ता मिळतो का, हे पाहायचं होतं. न मिळाल्यास ओटा जाणार. ओव्हरसिअर निंबा भामरे पहिल्या दिवशी आम्हाला घेऊन फिरले. उंच, वाळका माणूस, खिशाला शाई सांडल्याचा जुना डाग. चुन्याच्या फक्कीने त्यांनी स्वतः गल्लीच्या मधोमध रेघ ओढली आणि म्हणाले, "हे पाहा, लोक तुम्हाला चहा पाजतील, मामा-मावशी लावतील. तुम्ही एकच लक्षात ठेवायचं, ओटा सोडून मोजायचं. रेघेपासून ओट्यापर्यंत. ओटा धरून मोजलं तर तो भिंतीचा आकडा झाला, रस्त्याचा नाही. आकडा बरोबर आणि मोजणी खोटी, असं होतं ते." आमच्यातला एकजण म्हणाला, "साहेब, ओटा धरला काय, सोडला काय, पट्टी तीच." भामरे म्हणाले, "पट्टी तीच. घर वेगळं." सगळे हसलो. मला ते वाक्य आवडलं होतं. कॉलेजात मापन शिकवताना आम्हाला सांगायचे की उपकरण हातात घेतल्यावर आधी त्याची शून्य त्रुटी पाहा, ती वहीत लिहा, मगच वाचन घ्या. प्रयोगाच्या वहीत माझी शून्य त्रुटी नेहमी लिहिलेली असे. बाकीची मुलं ती शेवटी उत्तर जुळवण्यासाठी काढायची.

समोरच्या घरातले कौतिक नाना, धुरपदाबाईंचे यजमान, शिंपी होते. आता ते शिवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. पण माझ्या लहानपणी त्यांचं मशीन त्या ओट्यावरच असायचं आणि शाळेच्या सगळ्या खाकी चड्ड्या तिथे शिवल्या जायच्या. माप घेताना मला त्यांच्या पट्टीचा वास यायचा, मेणकापडाचा आणि तंबाखूचा. ते माझ्या कमरेभोवती पट्टी धरायचे, आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मग वहीत एक इंच जास्त लिहायचे. मला ते सहन व्हायचं नाही. मी सहावीत असेन. "नाना, चोवीस भरलं ना, मग पंचवीस का लिहिलं?" त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "एक इंच सोडी देस मी. पोऱ्या वाढस ना." धुरपदाबाई ओट्याच्या कडेला ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "याले नका सोडू, हाऊ हिशोबी शे, परत करी देवाव." आणि खरंच मी घरी जाऊन आमच्या लाकडी पट्टीने चड्डी मोजली होती. पंचवीस होती. दोन वर्षं ती कमरेवरून घसरत राहिली, मी ती वर ओढत राहिलो आणि मला नानांचा राग यायचा. पुढच्या वर्षी ती बरोबर बसली. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गल्लीची पाळी आली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ऊन असं की चुन्याच्या रेघेकडे पाहवत नव्हतं. त्या दिवशी माझ्या जोडीला कोणी नव्हतं. पट्टीचं टोक धरायला गल्लीतलेच लोक पुढे व्हायचे. त्यांना त्यात गंमत वाटायची. एखादी बाई टोकाची कडी धरून उभी राहायची आणि म्हणायची, "सांभाळून वढ रे, मी पडसू." आमच्या घरापाशी आलो तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. आबा म्हणजे माझे वडील, पितांबर आबा, पोस्टातून निवृत्त झालेले. मी बी.एस्सी. झालो त्या महिन्यातच त्यांनी ओट्यावर शहाबादी फरशी बसवली होती आणि कडेला गोल घोटून घेतली होती. रोज संध्याकाळी ते ती ओल्या फडक्याने पुसायचे. आता पाहुणे येतील, त्यांना बसायला जागा हवी, असं म्हणायचे. कुठले पाहुणे ते म्हणत नसत. मी रेघेवर पाय ठेवून उभा राहिलो आणि पट्टीचं टोक त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते घेतलं, उठले, ओटा ओलांडला आणि कडी भिंतीला लावली. "इथून घे," म्हणाले. एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कडीकडे पाहत होते, ती भिंतीवर नीट टेकली आहे ना हे. मी पट्टी ताणली. फरशीवरून, कडेवरून, हवेतून ती माझ्या हातापर्यंत आली. अकरा फूट. बरोबर अकरा, ना इंच कमी ना जास्त, इतका नेटका आकडा त्या आठवड्यात दुसरा मिळाला नव्हता. वहीत मी अकरा फूट शून्य इंच लिहिलं. आकडा खरा होता. कुणी येऊन पुन्हा भिंतीपासून मोजला असता तर तोच आला असता. फक्त एक शब्द लिहायचा राहिला होता आणि वहीत त्या शब्दाला रकानाच नव्हता, कारण भामरेंनी तो सगळ्यांसाठी एकदाच सांगून ठेवला होता. हे सगळं मला तेव्हाच, पट्टी गुंडाळतानाच कळलं. नंतर कळलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण ते जमलं नाही.

मग समोर वळलो. कौतिक नाना आपल्या ओट्यावर खुर्चीत होते, रोज असायचे तसे. सकाळी दोन पायऱ्यांजवळ खुर्ची, ऊन आलं की भिंतीकडे, संध्याकाळी पुन्हा पायऱ्यांजवळ. येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. मशीन नव्हतं पण ओटा होता, त्यामुळे ते अजून शिंपी आहेत असं वाटायचं. लोक त्यांना कापडाचं विचारायचेही. मी पट्टी दिली. त्यांनी डाव्या हाताने घेतली, खुर्चीतून पुढे झुकले आणि कडी ओट्याच्या बाहेरच्या दगडाला लावली. अगदी कडेला. कुणी सांगितलं नव्हतं. ते आयुष्यभर कडेलाच लावत आले होते. "वढ," म्हणाले. मी वाचलं. "कितलं?" "आठ फूट अकरा इंच, नाना." "कितलं पाहिजे?" "नऊ." ते हसले. हसताना एकच बाजू हलायची. "मंग इंचनी काय बात शे! इंच तर मी जन्मभर सोडत वनू." धुरपदाबाई आतून म्हणाल्या, "त्याले नका शिकाडू, तो कालेजमां शिकेल शे." मी हसलो. वहीत आठ फूट अकरा इंच लिहिलं. दुसऱ्या गल्लीत असंच एक इंच कमी आलं तेव्हा मी नऊ लिहिलं होतं. दगड झिजलेला असतो, पट्टीला झोळ पडतो, एक इंच हा त्या पद्धतीत धरायचा नसतो, हे मला समजत होतं. पण आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत वीस-बावीस फूट चालून येताना माझ्यात काहीतरी झालं होतं. त्या दिवसापासून मोजणी संपेपर्यंत मी इतका अचूक झालो की बाकीची मुलं मला 'मायक्रोमीटर' म्हणू लागली. अर्धा इंचसुद्धा मी लिहायचो. भामरेंनी सगळ्यांसमोर माझी वही उघडून दाखवली. "याला म्हणतात मोजणी." मला घाम आला आणि तो उन्हाचा आहे असं दाखवायला मी खिडकीत जाऊन उभा राहिलो.

जूनच्या शेवटी नोटिसा आल्या. आमच्या गल्लीत सात. आमच्या घराला नाही. समोर होती. आबांनी शेजाऱ्यांच्या नोटिसा वाचून दाखवल्या, कारण पोस्टातला माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडे यायचे. धुरपदाबाईही आल्या. आबांनी त्यांची नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "काही उपाय नाही, वहिनी. कायदा आहे." मग आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आमच्यात याविषयी कधीच एक वाक्य बोललं गेलं नाही, आणि तरी त्या दिवसापासून आम्ही एका वेळी ओट्यावर बसत नाही. तो आला की मी उठतो, किंवा मी असलो की त्यांना आत काम निघतं. 'तो' असं लिहिलं गेलं. ते खोडत नाही. मनात मी त्यांना तसं म्हणू लागलो होतो आणि त्यात मी एकटा सुटत होतो.

पालिकेचे मजूर एक इंच कापत नाहीत. ओटा म्हणजे पूर्ण ओटा, पायऱ्यांसकट. सकाळी नऊला सुरुवात झाली, साडेदहाला दगड हलवले गेले. त्याआधी चौघांनी नानांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. आत नेताना ते मजुराला सांगत होते, "तो कडेचा दगड हळू काढा, माझ्या बापाने बसवलाय," अगदी शुद्ध भाषेत, परक्या माणसाशी बोलावं तसं. धुरपदाबाईंनी मजुरांना पाणी दिलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं की समोरच्यांचा कसा वाचला, तर त्या वळून म्हणाल्या, "लीलाधरनी मोजं शे. तो कोनले सोडाव नही. त्याना घरना ओटा आतमां व्हता म्हनीसन वाचना. आम्हना नशीबमां इंच नव्हता." हे त्या मनापासून म्हणत होत्या. मी विजेच्या खांबाआड उभा होतो, त्या खांबावर कुणाचा तरी पत्ता खडूने लिहिला होता, आणि तो मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्यानंतर हे वाक्य त्यांनी केळीवाल्याला सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, शिंदखेड्याहून आलेल्या त्यांच्या बहिणीला माझ्यासमोर सांगितलं. पोरगा आपला असून त्याने आपल्याला सोडलं नाही, याचा त्यांना एक प्रकारचा अभिमान झाला होता. ओटा गेला त्याच्या बदल्यात त्यांच्या हाती एवढंच आलं होतं.

ओटा गेल्यावर त्यांचा उंबरा रस्त्यापासून दोन फूट एक इंच उंच राहिला. धुरपदाबाईंनी केळीची लाकडी खोकी उपडी ठेवली. त्यांच्यापुरती ती चालतात. नाना चार महिन्यांत बाहेर आले नाहीत. त्यांची खोली पुढचीच, पण दाराला लागून खुर्ची ठेवली तर येणं-जाणं बंद होतं, म्हणून ती आत, माठाजवळ. बाहेरून पाहिलं तर अंधारात फक्त डावा हात दिसतो, गुडघ्यावर ठेवलेला. विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला असतात तेव्हा तो हात आमच्या ओट्यावरून स्पष्ट दिसतो. सम तारखेला मध्ये स्कूटर येतात. मला सम तारखा बऱ्या वाटू लागल्या होत्या. आणि आज चौदा असूनही तिथे स्कूटर नव्हती, सडा होता, आणि सड्याच्या वर उघड्या दारात अंधार, आणि अंधारात तो हात.

बादली ठेवून धुरपदाबाई पदराला हात पुसत रस्ता ओलांडून आल्या. हातात एक कागद होता. "भामरे सायेबनी देयल शे. पायरीना अर्ज. एकच पायरी, दीड फूट, म्हने नियममां बसस. हाई कायकाय भरनं पडस ते तू भर बापा." मी कागद घेतला. अर्जदाराचं नाव, घर क्रमांक, उंबऱ्याची उंची, मधल्या रेघेपासून अर्जदाराच्या बाजूचं माप. त्याखाली, समोरच्या घराच्या बाजूचं माप. शेवटी, मोजणाऱ्याची सही. "पायरी झायी तर त्यासले दोन जन धरीसन बाहेर बसाडतीन," त्या म्हणाल्या. "चार महिना झायात, मानूसना तोंड पाह्यं नही त्यासनी. आते तं मशीननं नाव भी काढतस नही." आणि मग जरा हसून, "जुनीच वहीमाईन उतारी ले. तुन्हा आकडा तर पक्काच."

आबा दारात येऊन उभे होते. त्यांनी कागद पाहिला. "उतरवून दे," म्हणाले. "अकरा फूट. समोरचं माप म्हणजे निव्वळ उपचार असतो. वहिनींची पायरी होऊन जाईल." ते खरं होतं. मी अकरा लिहिलं असतं तरी पायरी झाली असती. कुणाचंच नुकसान नव्हतं, नाना आठ दिवसांत बाहेर बसले असते, मला हात पाहावा लागला नसता. मी पेन काढलं. 'समोरच्या घराच्या बाजूचं माप' यापुढे चार ठिपके होते आणि त्या ठिपक्यांवर अकरा हा आकडा नीट बसला असता. मला चड्डी आठवली, जी घसरत राहिली आणि मग एक दिवस बसली. मी आत गेलो आणि खुंटीवरची पट्टी आणली. ती पालिकेत परत द्यायची राहिली होती. गेल्या पंधरा दिवसांत रोज मी ती पाहत होतो.

"आते काय मोजस?" धुरपदाबाई म्हणाल्या. "टोक धरा," मी म्हणालो. त्यांनी लगेच धरलं, कडी बोटात घालून आमच्या ओट्याकडे वळल्या आणि थांबल्या, कारण आबा आता ओट्याच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून, पोटऱ्या दगडाला टेकवून, दगड झाकला जाईल असे. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाय सोडून बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या पायाच्या नखांवर जुनी भेग होती. "भिंतीला लावायचं," ते म्हणाले. धुरपदाबाईंना की मला, कळलं नाही. आवाज फार बारीक होता. केळीवाल्याने वजनाचा काटा हातातच धरून ठेवला.

"आबा," मी म्हणालो, "पाय वर घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मग एक पाय वर घेतला, दोन्ही हातांनी धरून, म्हातारा माणूस घेतो तसा, आणि मग दुसरा. मी धुरपदाबाईंना बोटाने दाखवलं, "इथे. दगडाच्या कडेला." त्यांनी कडी लावली. त्यांचं बोट क्षणभर दगडावरून भिंतीकडे गेलं, जणू त्यांना वाटलं की मला भिंतच म्हणायची आहे, आणि परत कडेला आलं. मी मागे सरकत गेलो, पट्टी सुटत गेली, गल्लीच्या मधोमध आता चुन्याऐवजी रंगाची पांढरी रेघ होती, तिच्यावर उजव्या पायाची टाच ठेवली. पट्टी ताणली. झोळ पडू नये म्हणून आणखी ताणली. वाकून वाचलं, उठलो, पुन्हा वाकलो आणि पुन्हा वाचलं.

समोरच्या अंधारातून, माठाच्या बाजूने, नानांचा अर्ध्या तोंडाचा आवाज आला. "कितलं भरनं रे?"

"आठ फूट चार इंच," मी म्हणालो. "ओटा सोडून."